शाबिती कोणी द्यायची? न्यायमूर्ती तेलंग, गीता, बायबल आणि दिवाणी दावा

१/
नाशिकच्या पंचवटीत काळारामाच्या मंदिराजवळ सीतागुंफा आहे. सीतेचे हरण याच परिसरातून झाले, ही येथली परंपरा. हरणाची ती कथा मुळात आपली नव्हेच, ती ग्रीक महाकवी होमरवरून उचललेली आहे, असा तर्क १८७० मध्ये एका थोर जर्मन पंडिताने मांडला. त्याच्या एक वर्ष आधी दुसऱ्या जर्मन पंडिताने भगवद्गीतेवर बायबलच्या उसनवारीचा आरोप केला होता. या दोघांनाही मुंबईच्या एका तरुण वकिलाने उत्तर दिले. ते देताना त्याने भक्तीची ढाल पुढे केली नाही, पुरावा मागितला. हा धागा त्या वकिलाविषयी आणि त्याच्या विसरल्या गेलेल्या रीतीविषयी आहे.

२/
आधी त्या काळाचे वातावरण. नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती मिशनची वसाहत १८५० च्या दशकात उभी राहिली होती. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद रंगले होते. नाशिकच्या न्यायालयात १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख जॉइंट जज्ज होते, आणि १८७८ मध्ये महादेव गोविंद रानडे तेथे बदलून आले. एका बाजूला रामकुंड, दुसऱ्या बाजूला मिशनचे चर्च, आणि मध्ये ब्रिटिशांचे दिवाणी कोर्ट. 'कोणाचा धर्म मूळ आणि कोणाचा नक्कल' हा प्रश्न अशा गावांत केवळ पंडितांचा राहिला नव्हता. माणसाचा स्वाभिमान त्यात गुंतला होता.

३/
तो वकील म्हणजे काशिनाथ त्र्यंबक तेलंग. जन्म १८५० चा, मुंबईचा. शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजात. संस्कृतचा व्यासंग आणि कायद्याचा अभ्यास ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली. १८७२ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात अॅडव्होकेट झाले आणि हिंदू कायद्याच्या दाव्यांत थोड्याच वर्षांत त्यांचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. १८८५ च्या पहिल्या राष्ट्रीय सभेच्या उभारणीत ते होते. १८८९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. १८९३ मध्ये, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. 'मुद्राराक्षसा'ची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती संस्कृताच्या अभ्यासकांना आजही परिचित आहे.

४/
पहिला वाद रामायणाचा. बर्लिनचे आल्ब्रेख्त वेबर हे त्या काळच्या युरोपातले अग्रगण्य संस्कृतज्ञ. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: रामकथेचे जुने रूप बौद्धांच्या 'दशरथजातका'त आहे, त्यात सीताहरण नाही आणि लंकेचा वेढाही नाही. हे दोन प्रसंग वाल्मीकीने नंतर घातले, आणि त्यांचा नमुना होता हेलनचे हरण व ट्रॉयचा वेढा. त्या लेखाचे इंग्रजी भाषांतर १८७२ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त आले आणि मुंबई-पुण्याच्या शिक्षितांपर्यंत पोहोचले. पुढच्याच वर्षी तेलंगांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिच्या नावातच प्रश्न होता: रामायण होमरवरून घेतले काय?

५/
उत्तर देणाऱ्याचे वय तेव्हा बावीस-तेवीस. समोर जगन्मान्य प्राध्यापक. तेलंगांनी वेबरांच्या विद्वत्तेवर शंका घेतली नाही, त्यांच्या अनुमानाची कडी मात्र तपासली. ज्या जातकात सीता ही रामाची बहीण ठरते, ते मूळ आणि रामायण ही त्याची वाढ, असे कशावरून? उलटही असू शकते. एकीची पत्नी म्हणून पळवणूक आणि त्यातून युद्ध, एवढे साम्य दोन स्वतंत्र समाजांत सहज उद्भवू शकते; तेवढ्यावर ऋण कसे सिद्ध होते? हेलन आणि सीता यांच्या स्वभावात, वागणुकीत, कथेतल्या स्थानात जे अंतर आहे ते दृष्टीआड करून उरलेले साम्य मोजणे म्हणजे हिशेबाची एकच बाजू वाचणे होय.

६/
दुसरा वाद अधिक नाजूक होता. ब्रेस्लाऊचे कॅथलिक धर्मशास्त्री फ्रान्झ लॉरिंझर यांनी १८६९ मध्ये गीतेचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. त्याला जोडलेल्या परिशिष्टात त्यांनी गीतेची वचने आणि नव्या कराराची वचने शेजारी शेजारी मांडली. निष्कर्ष असा की गीता ख्रिस्तानंतर कित्येक शतकांनी रचली गेली, तिच्या कर्त्यासमोर नवा करार होता, आणि तिच्यातले उदात्त विचार तिथूनच आलेले आहेत. १८७३ मध्ये याचेही इंग्रजी रूप 'इंडियन अँटिक्वरी'त आले. मिशनऱ्यांच्या हाती याहून मोठे शस्त्र येणे शक्य नव्हते.

७/
या दोन वादांत एक चमत्कारिक साम्य आहे. होमरची काव्ये हिंदी लोकांनी आपल्या भाषेत आणली आहेत, असे डिओ क्रिसोस्टम नावाचा ग्रीक वक्ता सांगून गेला होता. ख्रिस्ताची शिकवण हिंदी लोकांनी आपल्या भाषेत आणली आहे, असे जॉन क्रिसोस्टम हा चौथ्या शतकातला धर्मगुरू सांगून गेला होता. 'क्रिसोस्टम' म्हणजे सुवर्णमुखी. दोघेही वक्तृत्वासाठी विख्यात. परंतु ते भाषांतर दोघांपैकी एकानेही डोळ्यांनी पाहिले असल्याचा पुरावा नाही, आणि त्या काळच्या ग्रीक-रोमन लेखनात 'इंडिया' हे नाव फार सैल वापरले जाई. दिवाणी न्यायालयाच्या भाषेत हा ऐकीव पुरावा. सुवर्णमुखातून आला म्हणून तो प्रत्यक्ष साक्षीचा होत नाही.

८/
तेलंगांनी १८७५ मध्ये गीतेचे इंग्रजी पद्यभाषांतर प्रसिद्ध केले आणि त्याच्या प्रस्तावनेत लॉरिंझर यांच्या मताचा परामर्श घेतला. पुढे मॅक्स म्युलर यांच्या 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' या मालेत १८८२ मध्ये त्यांचे गद्यभाषांतर आठवा खंड म्हणून आले. तेथे त्यांनी कालनिर्णयाची साधने एकेक करून मांडली: गीतेची भाषा आणि वृत्तरचना, वेदांविषयीची तिची भूमिका, वर्णव्यवस्थेचे तिच्यातील रूप, आणि बाण-कालिदासांसारख्या नंतरच्या लेखकांत उमटलेले तिचे पडसाद. यावरून गीता ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या आधीची असली पाहिजे, असे त्यांचे मत झाले. आजचे अभ्यासक ही तारीख जशीच्या तशी मान्य करतील असे नाही. परंतु लॉरिंझर यांचा सिद्धांत आज कोणी मांडत नाही.

९/
येथे मुख्य मुद्दा येतो. तेलंग वकील झाले त्याच वर्षी, १८७२ मध्ये, हिंदुस्थानचा पुराव्याचा कायदा लागू झाला. त्याचे एक सूत्र साधे आहे: जो एखादी गोष्ट घडली असे म्हणतो, त्याने ती शाबीत करावी. शाबितीची जबाबदारी दावा मांडणाऱ्यावर. तेलंगांचे दोन्ही वाद या सूत्राच्या उजेडात वाचले की त्यांची ठेवण लक्षात येते. 'गीतेने बायबलकडून घेतले' हा दावा आहे. दावा करणाऱ्याने तीन गोष्टी दाखवायला हव्यात: घेणारा नंतरचा होता, त्याच्यापर्यंत मूळ ग्रंथ पोहोचण्याची वाट होती, आणि साम्य इतके विशिष्ट आहे की दुसरे कोणतेही कारण पुरत नाही. तीनपैकी एक कडी तुटली तरी दावा खर्चासह काढून टाकण्याच्या लायकीचा.

१०/
ही रीत केवळ इंग्रजी कायद्याची देणगी होती असेही मानू नये. धर्मशास्त्रात व्यवहार, म्हणजे न्यायालयीन वाद, चार पायांवर उभा असतो: वादीचे म्हणणे, प्रतिवादीचे उत्तर, पुरावा आणि निर्णय. वादीच्या म्हणण्याला तेथे 'पूर्वपक्ष' असेही नाव आहे. मीमांसक आणि वेदान्ती आपल्या शास्त्रचर्चेत जो शब्द वापरतात तोच शब्द कर्जाच्या आणि शेताच्या बांधाच्या भांडणातही चालतो. लेख, भोग आणि साक्षी हे तीन पुरावे. ते नसतील तरच दिव्य. शास्त्रार्थ आणि दावा ही दोन भावंडे आहेत, हे संस्कृत परंपरेत वाढलेल्या वकिलाला वेगळे शिकवावे लागले नसेल.

११/
तेलंगांसमोर एक सोपा आणि लोकप्रिय मार्गही मोकळा होता. लॉरिंझर यांचे पुस्तक आले त्याच १८६९ सालात पॅरिसमध्ये लुई जॅकोलिओ यांचे पुस्तक निघाले. त्यांचा दावा नेमका उलटा: बायबलच हिंदुस्थानातून गेले, ख्रिस्ताची कथा ही कृष्णाच्या कथेची नक्कल आहे. आपल्याकडील अनेकांना हे पुस्तक गोड वाटले, आजही वाटते. मॅक्स म्युलरसारख्या संस्कृतज्ञांनी त्यातले आधार पोकळ असल्याचे दाखवून दिले. तेलंगांच्या गीता-भाषांतराची प्रस्तावना या वाटेला जात नाही. शेजाऱ्याने आपल्यावर चोरीचा आळ घेतला, तर तो खोडून काढण्यासाठी शेजाऱ्यालाच चोर ठरवावे लागत नाही. एवढे भान राखणे त्या काळी अवघड होते. आज ते अधिकच अवघड झाले आहे.

१२/
मग दोन दूरच्या ग्रंथांत साम्य येते कसे? याचे सुंदर उत्तर तेलंगांनंतर सुमारे ८० वर्षांनी एका इंग्रज विद्वानाच्या कामातून मिळाले. जे. डंकन एम. डेरेट हे लंडन विद्यापीठात प्राच्य कायद्यांचे प्राध्यापक होते. हिंदू कायद्यावरील त्यांच्या ग्रंथांचा आधार भारतीय न्यायालयांनी घेतला आहे. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे स्वतः मुंबई उच्च न्यायालयातले वकील. डेरेट याच क्षेत्रातले पुढच्या पिढीचे अभ्यासक. याच डेरेट यांनी १९७० मध्ये नव्या करारातील कायद्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढे आयुष्यभर त्या विषयावर लिहीत राहिले. येशूच्या दृष्टांतकथा त्यांनी दाव्यांची कागदपत्रे वाचावीत तशा वाचल्या.

१३/
लूकच्या शुभवर्तमानातली एक कथा आहे. एक विधवा न्यायाधीशाकडे पुनःपुन्हा दाद मागते. तो देवाला भीत नाही, माणसांची पर्वा करीत नाही. तरी शेवटी तो तिला न्याय देतो, कारण ती आपल्याला काहीतरी करील अशी धास्ती त्याला वाटते. तेथे जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणे. 'ती मला हैराण करील' असा त्याचा अर्थ सामान्यतः केला जाई. डेरेट यांनी सुचवले की येथे अर्थ तोंड काळे करण्याचा, म्हणजे चारचौघांत पत घालवण्याचा आहे, आणि असा वाक्प्रचार आशियाभर आढळतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. तोंडाला काळे फासणे म्हणजे काय, हे येथे पोरासोरांना ठाऊक आहे.

१४/
आता कोणी असे म्हणेल काय, की मराठीने हा वाक्प्रचार ग्रीक बायबलमधून घेतला? किंवा लूकने तो गोदाकाठावरून नेला? जेथे इभ्रत ही दौलत मानली जाते, तेथे चेहरा काळा होण्याची भाषा आपोआप जन्माला येते. मराठी मुलखात धनको ऋणकोच्या दारात धरणे धरून बसत असे, ती रीतही याच जातीची. दुबळ्याच्या हाती बळ नसते. त्याच्याजवळ असते ती बलवंताला लाज आणण्याची शक्ती. यहुदी विधवा आणि धरणे धरणारा मराठा सावकार यांची कधी भेट झालेली नाही. त्यांच्या परिस्थितीने त्यांना एकच युक्ती शिकवली.

१५/
दुसरी कथा अन्यायी कारभाऱ्याची. नोकरीवरून निघण्याची वेळ आलेला कारभारी धन्याच्या ऋणकोंना बोलावतो आणि रोखे बदलायला सांगतो: १०० माप तेल असेल तर ५० लिही, १०० माप गहू असेल तर ८०. आणि धनी रागावण्याऐवजी त्याची वाखाणणी करतो. हे कोडे शतकानुशतके भाष्यकारांना सुटत नव्हते. डेरेट म्हणतात, यहुदी धर्मशास्त्राने स्वधर्मीयाकडून व्याज घेण्यास बंदी केली होती, म्हणून व्याज मुद्दलात मिळवून एकच आकडा रोख्यात लिहीत. कारभाऱ्याने सोडले ते हे लपवलेले व्याज. धन्याला ते जाहीरपणे मागताही येत नव्हते.

१६/
दख्खनच्या शेतकऱ्याला ही युक्ती परकी नव्हती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, ते याच लपलेल्या आकड्यांच्या रागातून. त्यानंतर १८७९ मध्ये झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाण्याचा अधिकार दिला: मूळ देणे किती, व्याज किती, हे आरंभापासून तपासा. नाशिक आणि धुळे येथील नेमणुकांनंतर रानडे यांनी याच कायद्याच्या अंमलबजावणीचे काम केले. रोख्यावर लिहिलेला आकडा हा अंतिम सत्य नव्हे, त्यामागचा व्यवहार शोधा, हे या कायद्याचे तत्त्व. शब्दसाम्यावर न थांबता त्यामागचा इतिहास शोधा, हे तेलंगांचे. दोहोंचे गोत्र एकच.

१७/
तिसरी कथा उधळ्या पुत्राची. धाकटा मुलगा बापाच्या हयातीत आपला वाटा मागतो. हाच प्रश्न १८९१ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठासमोर आला: आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी. बाप आपल्या भावांसह एकत्र कुटुंबात असताना, त्याच्या मर्जीविरुद्ध मुलाला वडिलार्जित मिळकतीचे वाटप मागता येईल काय? बहुमताने उत्तर दिले, नाही. तेलंगांनी भिन्नमत नोंदवले. मिताक्षरेप्रमाणे मुलाचा हक्क जन्मतःच आहे, तो बापाच्या संमतीवर टांगता येत नाही. बहुमताचा हा निर्णय पुढे मुंबईचे वैशिष्ट्य म्हणूनच ओळखला गेला. अलाहाबाद आणि मद्रास येथील उच्च न्यायालयांनी मुलाच्या हक्काची बाजू घेतली.

१८/
तर खरी उसनवारी कधी झालीच नाही काय? झाली, आणि ती तेलंगांच्या डोळ्यांसमोर न्यायालयातच चालू होती. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई हिच्यावर दावा लावला. लग्न झाले तेव्हा ती ११ वर्षांची होती. ती कधी सासरी नांदलीच नव्हती, आणि जाणारही नाही असे तिचे म्हणणे. दाव्याचे कायदेशीर नाव दांपत्यहक्कांची पुनःस्थापना. लोकभाषेत, बायकोला नांदायला आणण्याचा दावा. रखमाबाईच्या बाजूने जे वकील उभे राहिले त्यांत तेलंग होते.

१९/
२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की अशा दाव्याला हिंदू कायद्यात आधार नाही. तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून येथे आणलेला आहे. हे ऐतिहासिकदृष्ट्या अचूक होते. पती-पत्नी एकदेह होत, हे बायबलमधील वचन. त्यावर चर्चने उभारलेला विवाहाचा कायदा. तो चालवणारी चर्चची न्यायालये. १८५७ मध्ये ते अधिकार इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयाकडे गेले. आणि तेथून ती कार्यपद्धती हिंदुस्थानात आली. काळ जुळतो, वाट दिसते, साम्य नेमके आहे. लॉरिंझर यांना गीतेत जे सिद्ध करता आले नाही, ते येथे कागदोपत्री सिद्ध होते.

२०/
आणि मग इतिहासातली मोठी विसंगती घडली. 'केसरी'सह अनेक देशी पत्रांनी पिन्ही यांच्या निर्णयावर टीका केली: हिंदू विवाहसंस्था धोक्यात आली, आमच्या धर्मात सरकारने हात घालू नये. अपिलात १८८६ मध्ये निर्णय फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईला आदेश दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. इंग्लंडमध्ये अशा तुरुंगवासाची तरतूद १८८४ मध्येच रद्द झाली होती. म्हणजे स्वधर्माच्या नावाने ज्या गोष्टीचा कैवार घेतला गेला, ती परक्या धर्मपीठाची कार्यपद्धती होती, आणि तिच्या जन्मभूमीनेही तिच्यातला तुरुंग टाकून दिलेला होता. जुलै १८८८ मध्ये २००० रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

२१/
याच काळात, १८८७ मध्ये, तेलंगांचे एक मराठी पुस्तक निघाले: 'शहाणा नेथन'. लेसिंग या जर्मन नाटककाराच्या १७७९ मधील नाटकाचे ते भाषांतर. त्या नाटकातली मध्यवर्ती कथा एका दाव्याचीच आहे. बापाने तीन मुलांना तीन सारख्या अंगठ्या दिल्या. खरी कोणती, यावरून भाऊ न्यायाधीशाकडे गेले. त्या तीन अंगठ्या म्हणजे यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम. न्यायाधीश म्हणतो, पुरावा नाही, निकाल देता येत नाही. ज्याच्या वागण्यातून अंगठीचा गुण प्रकट होईल त्याची खरी. ज्या विद्वानाने 'तुमचा ग्रंथ आमच्या ग्रंथाची नक्कल' या आरोपाशी झुंज घेतली, त्यानेच हे नाटक मराठीत आणावे, यात त्याच्या मनाची दिशा दिसते.

२२/
तेलंगांची मूर्ती घडवण्याचे कारण नाही. संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला, आणि १८९३ मध्ये स्वतःच्या मुलीचा विवाह मात्र बालवयातच लावून दिला. समकालीनांनी त्यांना त्याबद्दल दोष दिला, आणि तो योग्यच होता. सामाजिक विषयांतील तडजोडीवर त्यांनी मराठीत लिहिले होते. घरच्या उंबरठ्यावर ती तडजोड त्यांना महाग पडली. ग्रंथांच्या बाबतीत पुरावा मागणारी बुद्धी घरच्या रूढीपुढे गप्प बसली. त्यांची रीत मोठी आहे ती ते निर्दोष होते म्हणून नव्हे. तिने मोजले तर खुद्द तेही उणे ठरतात म्हणून.

२३/
या साऱ्याचे आज काय? इंग्लंडने दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा १९७० मध्ये कायमचा काढून टाकला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्ये नांदतो आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध ठरवले. तुरुंगाची तरतूद गेली, दावा राहिला. नाशिकच्या न्यायालयातही असा अर्ज आज दाखल होऊ शकतो, आणि तो करणाऱ्याला वाटत असते की आपण सनातन हिंदू परंपरेचा आधार घेत आहोत. चर्च न्यायालयाची ही अंगठी बोटात इतकी रुतली आहे की ती परकी होती हेच विस्मरणात गेले.

२४/
दुसऱ्या बाजूला उसनवारीचे जुने खटले रोज नव्याने उभे राहतात. कोणी म्हणतो सारे आपल्याकडून गेले, कोणी म्हणतो सारे बाहेरून आले. जॅकोलिओ आणि लॉरिंझर दोघेही जिवंत आहेत, केवळ नावे बदलली आहेत. दोन मूर्तींची छायाचित्रे शेजारी ठेवली, दोन शब्दांचा उच्चार जुळवला, की निकाल जाहीर. काळ कोणी विचारत नाही, वाट कोणी विचारत नाही. आणि ज्या गोष्टी खरोखर बाहेरून आल्या, ज्यांनी स्त्रियांची आयुष्ये ठरवली, त्यांच्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते, कारण त्यांवर 'आपले' असा शिक्का बसलेला आहे. अभिमान जेथे पुराव्याचे काम करू लागतो, तेथे पहिली हानी स्वतःच्याच इतिहासाची होते.

२५/
तेलंगांच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये उच्च न्यायालयात त्यांच्या जागी आले ते महादेव गोविंद रानडे, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला जन्मलेले. मराठी बखरींतून तेलंगांनी वेचलेल्या माहितीचा निबंध पुढे रानड्यांच्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथाला जोडला गेला. इतिहास, धर्म आणि दिवाणी न्याय हे एकाच शोधाचे तीन विभाग आहेत, असे मानणारी ही पिढी होती. पंचवटीत सीतागुंफेपाशी उभ्या राहणाऱ्या भाविकाला वेबरांची भीती बाळगण्याचे कारण नाही, आणि त्यांचा द्वेष करण्याचेही नाही. त्याने फक्त तो जुना प्रश्न विचारावा, परक्याला विचारावा तसा घरच्यालाही: म्हणणे ऐकले, शाबिती कोठे आहे?

(समाप्त)